नवनिर्मित हलक्या विमानातील इंजिनाचे अतितापन

नव्याने बांधलेल्या हलक्या विमानाचे पिस्टन इंजिन चाचणीच्या काळात निर्मात्याने ठरवून दिलेल्या तापमानमर्यादेच्या जवळ किंवा तिच्यापलीकडे जाणे, यास अतितापन असे म्हणतात. ही मर्यादा मुख्यतः दोन ठिकाणी मोजली जाते : सिलिंडर हेडचे तापमान आणि इंजिनतेलाचे तापमान. द्रवशीतित इंजिनात शीतक द्रवाचे तापमानही पाहिले जाते.

हौशी विमानबांधणीत ही अडचण वारंवार येते. कारखान्यात तयार झालेल्या विमानाची शीतनव्यवस्था मूळ नमुन्यावर अनेक उड्डाणे करून निश्चित केलेली असते. स्वतः बांधलेल्या विमानात मात्र इंजिन, आवरण, पंखा आणि हवेचे मार्ग यांचा मेळ प्रथमच बसवला जात असतो. त्यामुळे तापमान वाढले म्हणजे इंजिनच सदोष आहे, असा निष्कर्ष सहसा चुकीचा ठरतो. दोष बहुधा हवेच्या मार्गात, इंधन व हवेच्या मिश्रणात, प्रज्वलनाच्या वेळेत किंवा तापमापकातच असतो. एकच इंजिन असलेल्या विमानात ते चढाईच्या वेळी, कमी उंचीवर बंद पडले तर वैमानिकाला उतरण्याजोगी जागा शोधण्यास फारच थोडा अवधी मिळतो. म्हणून अतितापनाचे निदान अंदाजाने न करता ठरावीक क्रमाने करावे लागते.

मुंबई उपनगर आणि विमानबांधणी

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील जुहूच्या विमानतळाचा आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबचा आरंभ १९२८ साली झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ या लहान विमानातून जुहूलाच उतरले. त्या विमानाचे जिप्सी जातीचे इंजिन हवेने थंड होणारे होते. इंजिन थंड ठेवण्याचा तोच मूलभूत मार्ग आजच्या बहुसंख्य हलक्या विमानांतही वापरला जातो.

उपनगरातील विमानबांधणीचे सर्वांत परिचित उदाहरण कांदिवलीचे आहे. व्यवसायाने वैमानिक असलेले अमोल यादव यांनी चारकोप येथील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभारले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मांडण्यात आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने व्हीटी-एनएमडी या चिन्हाने त्याची नोंदणी केली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना दिला. चाचणी उड्डाणासाठी धुळ्याच्या धावपट्टीचा उपयोग झाला.

गच्ची आणि धावपट्टी यांतील हे अंतर शीतनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. गच्चीवर, गाळ्यात किंवा बंदिस्त जागेत विमानाचा सांगाडा जोडता येतो, तारा ओढता येतात, इंजिन बसवता येते. परंतु हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे शीतन तेथे तपासता येत नाही. त्यासाठी विमानाला वेग लागतो, आणि वेगासाठी मोकळी धावपट्टी व मोकळे आकाश लागते. जुहू व सांताक्रूझच्या परिसरातील दाट वस्ती आणि सततची वाहतूक पाहता अपरीक्षित विमानासाठी ती जागा सोयीची नाही. नव्या विमानाच्या प्राथमिक चाचण्या विरळ वस्तीच्या भागात कराव्यात, हा संकेत जगभर पाळला जातो. त्यामागील कारणांत इंजिन तापून बंद पडण्याची शक्यता हे एक प्रमुख कारण आहे.

उष्णतेचा हिशेब

पिस्टन इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच पंखा फिरवण्यास मिळतो. सर्वांत मोठा वाटा निष्कास वायूबरोबर (एक्झॉस्टमधून) बाहेर जातो. उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंती, हेड आणि इंजिनतेल यांच्यामार्फत हवेत सोडावी लागते.

ज्वलनाच्या क्षणी वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते; ॲल्युमिनियम मात्र सुमारे ६६० अंशांना वितळते. तरीही ॲल्युमिनियमचा पिस्टन टिकतो, याची कारणे तीन आहेत. ज्वलन क्षणभरच टिकते. धातूच्या पृष्ठभागालगत तुलनेने थंड वायूचा पातळ थर राहतो. आणि मागील बाजूने उष्णता सतत वाहून नेली जाते. यांपैकी एखादी गोष्ट बिघडली की धातूचे तापमान चढू लागते. तापमान वाढले की ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद घटते, तेल पातळ होते, निष्कास झडप तिच्या मार्गदर्शक नळीत अडकू शकते आणि हेडला तडे जाण्याचा धोका वाढतो.

मर्यादा इंजिनागणिक बदलतात. लायकॉमिंग कंपनीच्या अनेक चार सिलिंडरी इंजिनांसाठी सिलिंडर हेडची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरेनहाइट (२६० अंश सेल्सिअस) आहे. परंतु दीर्घायुष्यासाठी सलग उड्डाणात ४३५ अंश फॅरेनहाइटच्या (२२४ अंश सेल्सिअस) खाली राहण्याची शिफारस केली जाते. कॉन्टिनेंटलच्या अनेक इंजिनांची कमाल मर्यादा ४६० अंश फॅरेनहाइट (२३८ अंश सेल्सिअस) आहे. रोटॅक्स ९१२ या इंजिनात सिलिंडरची नळी हवेने, तर हेड द्रवाने थंड होते; म्हणून त्याच्या मर्यादा पुष्कळच खाली आहेत. एका इंजिनाचा आकडा दुसऱ्यास लावणे ही गंभीर चूक ठरते. प्रत्यक्ष इंजिनाच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

आवरणातील हवेचा मार्ग

मोटारसायकलच्या इंजिनाला समोरून वारा लागतो आणि ते थंड होते. विमानाच्या इंजिनाचेही तसेच होत असावे, ही समजूत सार्वत्रिक आहे. ती अपुरी आहे. आडव्या सिलिंडरांच्या विमान-इंजिनावर काउलिंग नावाचे आवरण असते. पंख्यामागील दोन तोंडांतून हवा आत येते आणि इंजिनाच्या वरच्या पोकळीत दाब निर्माण होतो. खालच्या पोकळीत दाब कमी असतो. या दाबांतील फरकामुळे हवा सिलिंडरांच्या फिन, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पात्या, यांमधून वरून खाली ढकलली जाते आणि मागील खालच्या तोंडातून बाहेर पडते.

वरची व खालची पोकळी वेगळी ठेवण्यासाठी सिलिंडरांभोवती पत्र्याचे पडदे बसवतात. त्यांना बॅफल म्हणतात. पत्रा आणि आवरण यांतील फट सिलिकॉन रबराच्या लवचीक पट्टीने बंद केली जाते. हवेचा मार्ग नेहमी कमी अडथळ्याचा असतो. त्यामुळे बोटभर फट राहिली तरी हवा फिनमधून न जाता तेथून निसटते. नव्या विमानातील अतितापनाचे हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. इंजिन तापते म्हणून आवरण काढून जमिनीवर चालवल्यास ते अधिक थंड राहत नाही. आवरण गेले की दाबातील फरक नाहीसा होतो आणि फिनमधून वाहणारी हवा थांबते. पंख्याचा मध्याजवळचा भाग संथ फिरणारा व जाड असल्याने त्याचा वाराही इंजिनावर पुरेसा येत नाही. म्हणून जमिनीवरील चाचणी थोडक्या वेळाची असावी, विमानाचे नाक वाऱ्याच्या दिशेला असावे आणि दोन चाचण्यांमध्ये इंजिन थंड होऊ द्यावे.

हवा बाहेर पडण्याची जागाही आत येण्याच्या जागेइतकीच महत्त्वाची असते. तापलेली हवा प्रसरण पावते; त्यामुळे बाहेरचे तोंड आतल्या तोंडांपेक्षा काहीसे मोठे लागते. अनेक बांधणीकार तापमान वाढताच पुढची तोंडे मोठी करतात. खालच्या पोकळीत हवा कोंडली असेल तर त्याचा काहीच उपयोग होत नाही. निष्कास नळ्या, तारा आणि नळ्यांची गर्दी बाहेरच्या तोंडाशी झाली असेल तर आधी ती मोकळी करावी लागते.

निदानाचा क्रम

निदान करताना सोपे व स्वस्त उपाय आधी आणि खर्चिक फेरबदल नंतर, हा क्रम उपयोगी पडतो. एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवणे ही त्यातील मुख्य अट आहे. दोन बदल एकाच वेळी केले तर कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही आणि पुढचा दोष शोधणे अवघड होते.

पहिली पायरी : मापन खरे आहे का?

सिलिंडर हेडचे तापमान तपयुग्माने, म्हणजे दोन भिन्न धातूंच्या जोडातून निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युतदाबाने मोजले जाते. अशा तारेला मध्येच साधी तांब्याची तार जोडल्यास किंवा धन-ऋण उलटे झाल्यास आकडा चुकतो. स्पार्क प्लगखाली वॉशरसारखा बसणारा संवेदक आणि हेडच्या ठरवलेल्या छिद्रात बसणारा संवेदक यांचे आकडे सारखे नसतात. पहिला सहसा अधिक तापमान दाखवतो. संवेदक उकळत्या पाण्यात धरून पाहणे ही सोपी परीक्षा आहे. मुंबईसारख्या समुद्रसपाटीच्या ठिकाणी आकडा १०० अंश सेल्सिअसच्या जवळ यावा. एकाच सिलिंडरचे तापमान अधिक दिसत असेल तर त्याचा संवेदक शेजारच्या सिलिंडरला लावून पाहतात. अधिक आकडा संवेदकाबरोबर सरकला तर दोष मापनात आहे. तो मूळ सिलिंडरवरच राहिला तर दोष सिलिंडरमध्ये किंवा त्याभोवतीच्या हवेत आहे.

दुसरी पायरी : एक सिलिंडर की सर्व?

सर्व सिलिंडर सारखेच तापत असतील तर कारण सर्वांना समान असते : आवरणातील अपुरा दाबफरक, एकूण मिश्रण विरल असणे किंवा प्रज्वलनाची वेळ चुकीची असणे. एकच सिलिंडर तापत असेल तर त्याच्याजवळची बॅफलमधील फट, त्याच्या अंतर्ग्रहण नळीच्या जोडातील गळती, तुंबलेला इंधन-नोझल किंवा फिनमधील ओतकामाचा उरलेला धातू तपासावा. नव्या हेडच्या फिनमध्ये असा पातळ धातू राहून हवेची वाट बंद झालेली आढळते; तो कानशीने काळजीपूर्वक काढता येतो.

चार सिलिंडरी लायकॉमिंग इंजिनात उजव्या बाजूच्या मागील, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची मागची फिन उथळ असते. मागचा बॅफल तिला चिकटून बसला तर त्या बाजूने हवा जातच नाही. पत्रा आणि सिलिंडर यांच्यात वॉशर घालून थोडी वाट ठेवणे हा यावरील रूढ उपाय आहे. उलट, डाव्या बाजूच्या पुढील सिलिंडरला समोरून थेट हवा लागत असल्यास पुढे लहानसा पत्रा लावून ती थोडी अडवतात आणि सर्व सिलिंडरांमधील तापमान समतोल करतात.

तिसरी पायरी : हेडचे आणि निष्कास वायूचे तापमान एकत्र वाचणे

केवळ हेडच्या तापमानावरून कारण कळत नाही. निष्कास वायूचे तापमान सोबत पाहिल्यास चित्र स्पष्ट होते.

- दोन्ही तापमाने वाढली असतील आणि इंजिन पूर्ण शक्तीवर असेल, तर मिश्रण विरल असल्याचा संशय घ्यावा. पूर्ण शक्तीवर ज्वलन सौम्य राखण्यासाठी मिश्रणात मुद्दाम जादा इंधन ठेवलेले असते. कार्ब्युरेटरचा जेट लहान असेल किंवा इंधनपुरवठा कमी पडत असेल तर हे संरक्षण नाहीसे होते.
- हेडचे तापमान वाढले आणि निष्कास वायूचे घटले, तर प्रज्वलन लवकर होत असावे. ज्वलनाचा अधिक भाग सिलिंडरमध्येच पूर्ण होतो आणि उष्णता धातूत जाते. प्रज्वलनाचा कोन इंजिनाच्या माहितीपट्टीवर कोरलेला असतो आणि मॅग्नेटो त्याप्रमाणेच बसवावा लागतो.
- निष्कास वायूचे तापमान वाढले आणि हेडचे घटले, तर प्रज्वलन उशिरा होत असावे किंवा दोनपैकी एक स्पार्क प्लग काम करत नसावा.
- हेडचे तापमान काही सेकंदांत झपाट्याने चढू लागले, तर ते स्फोटक ज्वलनाचे (डिटोनेशनचे) किंवा अकाली प्रज्वलनाचे लक्षण असू शकते. त्यात धातूलगतचा संरक्षक वायूथर उडून जातो आणि पिस्टनला काही मिनिटांत भोक पडू शकते. येथे निदान नंतरचे. शक्ती ताबडतोब कमी करणे हेच पहिले कर्तव्य ठरते.

चौथी पायरी : हवेचा दाबफरक मोजणे

वरील गोष्टी ठीक असतील तर आवरणाच्या वरच्या व खालच्या पोकळीत बारीक नळ्या बसवून त्यांच्यातील दाबफरक मोजतात. त्यासाठी पाण्याची यू आकाराची नळी किंवा जुना वेगमापकही चालतो. उड्डाणातील हा आकडा इंजिन निर्मात्याच्या आवश्यक आकड्याशी ताडून पाहिला की हवा कमी येते आहे की योग्य ठिकाणी जात नाही, याचा उलगडा होतो. रबराच्या पट्ट्यांची तोंडे दाबाच्या दिशेला वळलेली हवीत, म्हणजे दाब वाढताच त्या आवरणाला अधिक घट्ट चिकटतात. आवरणाच्या आतील बाजूस उमटलेल्या घासल्याच्या खुणांवरून पट्टी कोठे टेकते आणि कोठे टेकत नाही हे दिसते.

नव्या इंजिनाचे रनिंग-इन

नव्या इंजिनात काही काळ तापमान स्वाभाविकपणेच अधिक राहते. सिलिंडरच्या आतील भिंतीवर मुद्दाम ठेवलेल्या तिरप्या बारीक रेषा आणि पिस्टन रिंग यांचे पृष्ठभाग एकमेकांशी घासून जुळावे लागतात. यासाठी साधारणतः खनिज तेल वापरतात आणि उड्डाणात ६५ ते ७५ टक्के शक्ती राखतात. इंजिन तापते म्हणून ते फार मंद चालवले तर रिंगवर पुरेसा दाब येत नाही, तेलाचा जळका थर भिंतीवर बसतो आणि भिंत गुळगुळीत होते. मग रिंग कधीच नीट बसत नाहीत आणि सिलिंडर पुन्हा घासून घ्यावा लागतो.

येथे बांधणीकारापुढे खरा पेच उभा राहतो. शक्ती कमी केली तर रिंग बसत नाहीत. शक्ती कायम ठेवली तर सदोष शीतनामुळे नवे इंजिनच खराब होते. म्हणून हवेचे मार्ग पहिल्या उड्डाणापूर्वीच निर्दोष असणे आवश्यक आहे. रिंग बसल्या की हेडचे तापमान स्पष्टपणे खाली येते आणि तेलाचा खप स्थिरावतो. हा काळ साधारणतः २५ ते ५० तासांचा मानला जातो. त्यानंतरही तापमान उतरले नाही किंवा आरंभापासूनच ते मर्यादा ओलांडत असेल, तर ‘नवे इंजिन आहे, होईल कमी’ हे स्पष्टीकरण पुरेसे नाही.

इंजिनतेल आणि शीतक द्रव

हेडचे तापमान ठीक असूनही केवळ तेल तापत असेल तर शोध वेगळ्या दिशेने घ्यावा. ऑइल कूलरला मिळणारी हवा, त्याच्या मागील पोकळीतील दाब, कूलरमध्ये अडकलेली हवा आणि तापमानानुसार तेलाची वाट बदलणारी झडप या चार गोष्टी तपासाव्यात. तेल तापले की ही झडप बंद होऊन तेल कूलरमधून जाण्यास भाग पाडते. ती नीट न बसल्यास गरम तेल कूलर टाळून परत जाते. रिंग बसलेल्या नसताना ज्वलनवायू तेलाच्या पात्रात निसटतात आणि त्यामुळेही तेल तापते. लायकॉमिंगच्या अनेक इंजिनांसाठी तेलाची कमाल मर्यादा २४५ अंश फॅरेनहाइट (११८ अंश सेल्सिअस) आहे. तेल अतिशय थंड राहणेही हितावह नाही, कारण त्यातील पाण्याचा अंश उडून जात नाही आणि गंज चढतो.

द्रवशीतित इंजिनात रेडिएटरमध्ये किंवा नळ्यांत राहिलेले हवेचे बुडबुडे हे अतितापनाचे नित्याचे कारण असते. रेडिएटर हवेत नुसता लटकवला तर पुष्कळ हवा त्याच्या कडेने निघून जाते. त्यासाठी बंदिस्त वाहिनी करावी लागते.

इंधनाचा प्रश्न

कमी ऑक्टेनच्या इंधनाने स्फोटक ज्वलन लवकर सुरू होते. विमानासाठी १०० एलएल हे विशेष पेट्रोल वापरले जाते. पूर्वी ते आयात करावे लागे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशी बनावटीचे १०० एलएल बाजारात आणले. रोटॅक्स ९१२ सारखी इंजिने मोटारीच्या पेट्रोलवर चालतात, परंतु त्यांत इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंतच मान्य आहे. भारतातील पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळत असल्याने ते तपासल्याशिवाय वापरणे धोक्याचे आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटमधून मिळणारे मिश्रण अधिक विरल होते; शिवाय रबराच्या काही नळ्यांनाही ते सोसत नाही.

हवामानाचा परिणाम

बाहेरच्या हवेचे तापमान जेवढे वाढते, जवळपास तेवढेच हेडचे तापमान वाढते, हा ढोबळ नियम उपयोगी आहे. समजा, डिसेंबरच्या सकाळी २५ अंश सेल्सिअस हवेत चढाईच्या वेळी हेडचे तापमान २१० अंश आले. हाच प्रयोग मे महिन्यात ४२ अंश हवेत केल्यास आकडा २२७ अंशांच्या आसपास जाईल, म्हणजे लायकॉमिंगच्या शिफारशीच्या वर. थंडीत निर्दोष वाटलेले शीतन उन्हाळ्यात उघडे पडते ते असे.

लहान विमानांच्या प्रमाणीकरणासाठीच्या अमेरिकी नियमांत शीतनाची कसोटी समुद्रसपाटीवर किमान १०० अंश फॅरेनहाइट (३८ अंश सेल्सिअस) हवा गृहीत धरून घेतली जात असे. मुंबईचा किनारा या मर्यादेला क्वचितच पोहोचतो. परंतु धुळे, जळगाव किंवा विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत ती सहज ओलांडली जाते. म्हणून प्रत्येक चाचणीत तापमानासोबत बाहेरच्या हवेचे तापमान, उंची, वेग आणि शक्ती यांचीही नोंद घ्यावी आणि आकडे एकाच पातळीवर आणून त्यांची तुलना करावी.

उड्डाणातील उपाय

उड्डाणात तापमान चढू लागल्यास वैमानिकापुढे मोजके उपाय असतात. विमानाचे नाक थोडे खाली आणून वेग वाढवणे, मिश्रण समृद्ध करणे, काउलिंगची झडप असल्यास ती उघडणे आणि शक्ती हळूहळू कमी करणे, हे त्यांतील प्रमुख होत. चढाईत वेग कमी आणि शक्ती अधिक असल्याने तापण्याचा धोका सर्वाधिक असतो; म्हणून प्रारंभीच्या चाचण्यांत सर्वाधिक चढाईचा दर देणाऱ्या वेगापेक्षा अधिक वेगाने चढतात. मर्यादा ओलांडली गेल्यास चाचणी तेथेच थांबवून धावपट्टीवर परतावे आणि कारण सापडेपर्यंत पुढचे उड्डाण करू नये. तेल बदलताना त्याची गाळणी कापून आत धातूचे कण आहेत का ते पाहिल्यास इंजिनाला इजा झाली आहे की नाही, याचा पुरावा मिळतो.

अनेक वर्षे खपून बांधलेले विमान उडताना पाहण्याची उत्सुकता मोठी असते. शेवटच्या टप्प्यातील एखादा लाल आकडा मापकाची चूक मानून सोडून देण्याचा मोह त्यातूनच होतो. मापक चुकीचा असू शकतो. परंतु तो चुकीचा आहे हे जमिनीवर सिद्ध झाल्यावरच तसे मानता येते.

हेही पहा

- अंतर्ज्वलन इंजिन
- अमोल यादव
- जुहू विमानतळ
- नागरी विमान वाहतूक महासंचालनालय
- तपयुग्म